हेल्मेटमधल्या तीन चिठ्ठ्या

एल्डरवाइक, यॉर्कशायर
३ सप्टेंबर १९२२

प्रिय ऑगस्टा काकू,

तुमचं पत्र मिळालं. कॉलेज अर्धवट सोडल्याबद्दल तुम्ही जे लिहिलंय ते मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा मला सारखाच राग आला. म्हणजे त्यात काहीतरी खरं असणार. पण आता ते सोडा. मी इथल्या साप्ताहिकात लागलोय. गुरांच्या बाजाराचे भाव आणि पाद्रीबाईंच्या फुलांची स्पर्धा असलं लिहितो. पोट भरतं.

खरी गोष्ट अशी की मी प्रेमात पडलोय. हसू नका. तिचं नाव फीबी, वय वीस. ती बोलताना समोरच्याकडे असं बघते की आपण खोटं बोलत नसलो तरी चाचरायला होतं. आई नाही तिला. बाप आहे, आणि तोच माझ्या घशात अडकलेला काटा आहे.

बाप म्हणजे कर्नल रॅन्डल स्टॅव्हली, निवृत्त. अख्ख्या गावाचं दैवत. गरीब पाद्र्याचा मुलगा, तोफखान्यात गेला, हिंदुस्थानच्या सरहद्दीवर लढला, सन १९०० मध्ये दक्षिण आफ्रिकेत व्हिक्टोरिया क्रॉस हे शौर्यपदक मिळवलं, मग महायुद्धात फ्लँडर्स. तिथे विषारी वायूने आवाज बसला तो बसलाच. आता डुकरं पाळतो. आमच्या संपादकांनी मला त्याचं चरित्र लिहायला सांगितलंय, कारण १२ नोव्हेंबरला गावातल्या युद्धस्मारकाचं अनावरण त्याच्याच हस्ते आहे.

मागच्या रविवारी फीबीने मला चहाला बोलावलं. मी आत गेलो, तिने ओळख करून दिली, "बाबा, हे मिस्टर लायनेल हॅथर्ली." म्हातारा कप हातात धरून थांबला. "हॅथर्ली? कुठले हॅथर्ली?" मी म्हटलं, "डेव्हनचे." त्याने कप खाली ठेवला, म्हणाला, "डुकरिणीकडे बघायला हवं," आणि गेला तो आलाच नाही. काकू, डुकरीण खिडकीतून दिसत होती. मजेत पडली होती!

कॉलेज सोडलेला पोरगा आपल्या मुलीच्या लायकीचा नाही, हेच त्याच्या मनात असणार. पण मला वेगळाही वास येतोय. ज्याला लपवायचं काही नसतं तो माणूस चहा टाकून पळत नाही.

काका तोफखान्यातच होते ना? त्यांच्या तोंडून कधी हे नाव ऐकलंत का?

तुमचा,
लायनेल

●

बाथ
९ सप्टेंबर

लायनेल,

तुला वास येतो हे ऐकून बरं वाटलं. कॉलेजात दोन वर्षं तुला पुस्तकांचाही आला नाही.

प्रेमाबद्दल माझं मत विचारलेलं नाहीस, तरी देते. वीस वर्षांच्या मुलीने कसं बघितलं यावर माणसाने आयुष्य ठरवू नये. त्या घरापासून लांब राहा. यॉर्कशायरमध्ये दुसऱ्या मुली आहेत.

तुझे काका युद्धाबद्दल घरात बोलत नसत. ते जाऊन अकरा वर्षं झाली, आता त्यांना कुठे विचारायचं?

मात्र चरित्र लिहायला घेतलंच आहेस तर नीट लिही. जन्म, शाळा, बढत्या हे कोणीही उतरवून काढेल. तो क्रॉस त्याला कसा मिळाला ते त्याच्याच तोंडून काढ. तोफांपाशी त्या दिवशी अधिकारी किती होते, आणि एवढ्यांतून त्याचीच निवड कशी झाली, हे विचार. मी सुचवलं असं सांगू नकोस. बायकांनी असल्या गोष्टींत नाक खुपसलेलं पुरुषांना आवडत नाही.

लोकरीचे मोजे पाठवतेय. घाल.

ऑगस्टा काकू

●

एल्डरवाइक
२४ सप्टेंबर

प्रिय काकू,

मोजे मिळाले. आता ऐका.

मी कर्नलकडे रीतसर वेळ मागितली. तो डुकराच्या कुंपणावर रेलून, काठीने त्याची पाठ खाजवत बोलला. बापाचं पडकं घर, पहिला घोडा, सरहद्दीवरची थंडी, फ्लँडर्सचा चिखल, सगळं सांगितलं. आणि काकू, कबूल करायला जिवावर येतंय, पण छान सांगितलं. बढाई नाही. मला तर तेवढ्या वेळापुरता तो आवडायलाही लागला होता. मग मी क्रॉसचं विचारलं. काठी थांबली.

"लिहा की घोडे मेले होते, तोफा उघड्यावर होत्या, आणि सगळ्यांनी हाताने ओढून आणल्या."

"सगळ्यांनी. मग क्रॉस तुम्हालाच का?"

"ते सरकारला ठाऊक."

"तिथे अधिकारी किती होते, साहेब?"

तेव्हा त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी मागे सरकलो. "हे तुम्हाला कोणी विचारायला सांगितलं?"

मी म्हटलं, कोणीही नाही. तुमच्यासाठी खोटं बोललो, लक्षात ठेवा.

तिथून तडक दारूच्या गुत्त्यात गेलो. तिथे डॉब्सन नावाचा म्हातारा बसतो, तो कर्नलच्याच बॅटरीत, म्हणजे तोफांच्या तुकडीत, साधा तोफची होता. मी दोन पेले पाजले. म्हणाला, "पोरा, पराक्रम सगळ्यांनीच केला. मग वरून हुकूम आला, चार क्रॉस देतो, कोणाला ते तुम्हीच ठरवा. आम्ही शिपायांनी दोन नावं काढली, सार्जंटांनी एक, साहेबांनी आपल्यातलं एक. हेल्मेटात चिठ्ठ्या टाकल्या."

"चिठ्ठ्या? जत्रेतल्या सोडतीसारख्या?"

"माझं नाव नाही निघालं एवढं कळतंय मला," म्हणाला आणि पेला पुढे सरकवला.

सोडत! जगातलं सगळ्यात मोठं शौर्यपदक, आणि ते सोडतीत लागलं! आणि हा माणूस मला कॉलेजवरून पारखतो!

फीबी चर्चमागे काळ्या बोरांना आली होती. मला राहवलं नाही, मी सगळं बोलून गेलो. तिची बोटं जांभळी झाली होती, ती रुमालाला पुसत म्हणाली, "बाबा तो क्रॉस मोज्यांच्या खणात ठेवतात. मी लहान असताना मागितला की म्हणायचे, ते आपलं नाही, ठेवून दे." मग माझ्याकडे बघत, "लायनेल, तू आमच्याकडे मला भेटायला येतोस की बाबांना?"

"म्हणजे काय?"

"माझ्याशी बोलताना तू सारखं त्यांचंच विचारतोस."

मी चिडलो. ती टोपली घेऊन निघून गेली. आता मी काय करू?

लायनेल

●

बाथ
२८ सप्टेंबर

लायनेल,

आधी गाढवपणा थांबव. सोडत नव्हती ती. मतदान होतं. नियमच आहे तसा: एखादी तुकडी सगळीच्या सगळी सारखीच शौर्याने लढली तर कोणाला वेगळं काढायचं हे त्यांनीच गुप्त चिठ्ठीने ठरवायचं. तुझ्या डॉब्सनला चढली असावी, नाहीतर तुला.

आता नीट वाच. त्या संध्याकाळी धड उभे असलेले अधिकारी तीन होते. तिघांनी एकेक नाव लिहून हेल्मेटात टाकायचं होतं. सरकारी गॅझेटमध्ये काय छापून आलं ठाऊक आहे? "अधिकाऱ्यांनी कॅप्टन स्टॅव्हली यांची एकमताने निवड केली." एकमताने. म्हणजे तिन्ही चिठ्ठ्यांवर त्याचंच नाव होतं. आणि तिघांतला एक तो स्वतः.

समजलं? त्याने स्वतःचं नाव लिहिलं. बाकीचे सज्जन, ते दुसऱ्याचं नाव लिहितात. असल्या मतदानात स्वतःला मत देणं म्हणजे काय, हे मी तुला सांगायला नको. मेसमध्ये अशा माणसाशेजारी कोणी जेवायला बसत नाही. पण चिठ्ठ्या जाळून टाकतात, त्यामुळे ते कोणाला कळतही नाही.

तुला विचारायचं असेल तर चार लोकांत विचार. घरात विचारशील तर तो पुन्हा डुकरिणीकडे जाईल.

ऑगस्टा काकू

●

एल्डरवाइक
१६ ऑक्टोबर

प्रिय काकू,

संपादकांनी माझं लिखाण फाडलं. माझ्यासमोर. "स्मारकाच्या तोंडावर हे छापू? गावातल्या सदतीस आयांची पोरं आहेत त्या दगडावर, आणि त्यातली निम्मी याच्या हाताखाली होती!" मी म्हटलं, खरं आहे म्हणून छापा. ते म्हणाले, "खरं आहे हे तुला कोणी सांगितलं?"

तोच प्रश्न कर्नलने विचारला होता. आता मी तुम्हाला विचारतो. अधिकारी तीनच होते, चिठ्ठ्या जाळल्या, गॅझेटमध्ये शब्द कोणता होता, हे सगळं बाथमध्ये बसून तुम्हाला इतकं नेमकं कसं ठाऊक?

फीबीचा निरोप आलाय की काही दिवस घरी येऊ नकोस. बापाने लिहायला लावलं असणार. तिचं अक्षर एवढं तिरकं नसतं.

मी बाराव्या तारखेला सगळ्यांसमोर विचारणार. एकदा का तिला दिसलं की बाप कोण आहे, की ती माझ्याकडे येईल. पण आधी तुमचं उत्तर हवं.

लायनेल

●

बाथ
१९ ऑक्टोबर

लायनेल,

तोफखान्यातल्या अधिकाऱ्याची बायको होते मी. बायका चहाला जमल्या की बोलतात. एवढंच.

मफलर बांधत जा.

ऑ. काकू

●

एल्डरवाइक
१३ नोव्हेंबर

काकू,

"प्रिय" लिहायला हात वळत नाही.

काल झालं ते सांगतो. मैदानात सगळं गाव उभं होतं. कर्नल आला. छातीवर डाव्या बाजूला पदकांची ओळ, आणि क्रॉस एकटाच उजव्या बाजूला. मागे कुजबुज झाली. "मोलकरणीने पदक चुकीच्या बाजूला लावलं वाटतं." "वय झालं हो." मलाही तेव्हा ते कळलं नाही. दोरी ओढली, कापड पडलं, नावं वाचली. तो वायूने बसलेला आवाज सदतीस नावं वाचताना एकदाही अडखळला नाही. माझ्या शेजारची बाई रडत होती. मी तेव्हाच घरी जायला हवं होतं.

मग शाळेच्या सभागृहात चहा होता. पाद्री कर्नलच्या शौर्याबद्दल बोलायला लागले आणि माझं डोकं फिरलं. मी बाकावर चढलो.

"कर्नलसाहेब, त्या हेल्मेटात तुम्ही कोणाचं नाव टाकलंत?"

संपादक माझा कोट ओढत होते. "खाली उतर, मूर्खा!" मला ऐकूच येत नव्हतं. कर्नलने बशी खाली ठेवली.

"माझं," तो म्हणाला.

मग कोणीतरी म्हणालं, "साहेब, तुम्हाला उत्तर द्यायची गरज नाही." तो म्हणाला, "बावीस वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी विचारलंय. देऊ दे." आणि माझ्याकडे वळून, "तिथे आम्ही तिघं होतो. एक कोवळा पोरगा, पुढच्या महिन्यात तापाने गेला. एक मी. आणि तिसरा लेफ्टनंट गॉडफ्रे हॅथर्ली. तुमचे काका ना?"

काकू, मी बाकावर होतो. सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. तुम्ही मला एका ओळीने सांगू शकला असतात.

"तुमचं नाव ऐकलं तेव्हाच वाटलं, गॉडफ्रेच्या बायकोने पाठवलंय," तो म्हणाला. "चहा टाकून उठलो त्याबद्दल माफ करा. मला तुमच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. गॉडफ्रेचं नाक आहे तुम्हाला."

मी फीबीला शोधलं. ती केटलीपाशी उभी होती. तिचा चेहरा मी तुम्हाला सांगणार नाही. एवढंच म्हणाली, "म्हणजे बोरं, चर्च, सगळं ह्यासाठी होतं." मी म्हटलं, "फीबी, देवाशप्पथ, काका तिथे होते हे मला आत्ता कळतंय!" ती म्हणाली, "तीन अधिकारी होते हे कळलं, मतदान कळलं, आणि त्यातला एक तुझा काका एवढंच तेवढं कळलं नाही?" काकू, हे मला स्वतःलाच खोटं वाटलं!

बाहेर आलो तर कर्नल कुंपणाशी उभा. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. मी विचारलं, क्रॉस उजवीकडे का? म्हणाला, "उजव्या बाजूला मेलेल्याची पदकं लावतात. बाप, भाऊ, त्यांची. गॉडफ्रे गेल्यापासून मला हे दोनदा घालावं लागलं, दोन्ही वेळा तिथेच घातलं. त्या दिवशी सगळ्यात पुढे तो होता. मी एकतीस वर्षांचा, खिशात काही नाही, मागे कोणी नाही. मला तो क्रॉस हवा होता आणि खात्री होती की तो पोरगा गॉडफ्रेचं नाव लिहील. म्हणून मी माझं लिहिलं. चिठ्ठ्या उघडल्या तर तिन्हींवर मी."

मग तो जे म्हणाला ते मी रात्रभर मोजतोय. तुम्हीही मोजा. त्या दोघांनी त्याचंच नाव लिहिलं होतं. त्याने काकांचं लिहिलं असतं तरी दोनास एक. क्रॉस त्यालाच मिळाला असता! त्याने काकांचा क्रॉस चोरलेला नाही, काकू. काकांना मिळायचं एक मत फक्त त्याने दिलं नाही. ते दिलं असतं तर त्याचं काहीही गेलं नसतं, आणि ह्याच गोष्टीने त्या माणसाला बावीस वर्षं पोखरलंय.

तुम्ही हा हिशेब कधी केलाच नाही का? का केलात आणि तरी मला पेटवलंत?

फीबीला वाटतं मी तुमचा हेर होतो. माझ्या तोंडून निघालेल्या एकाही शब्दावर ती आता विश्वास ठेवणार नाही. हे फक्त तुम्ही मोडू शकता. मी खोली सोडली, नोकरी तर गेलीच. लीड्सला मित्राकडे चाललोय, पत्ता मागे आहे. तुम्ही काही केलं नाहीत तर मला पुन्हा पत्र लिहू नका.

लायनेल

●

बाथ
१५ नोव्हेंबर

लायनेल,

नाही केला हिशेब.

गॉडफ्रे घरी आले तेव्हा मी विचारलं होतं, तुम्ही कोणाचं नाव लिहिलंत? "रॅन्डलचं," म्हणाले, "ज्याला हवं होतं त्याला मिळालं," आणि हसले. ते हसणं मला खोटं वाटलं. मग गॅझेट आलं, मी "एकमताने" वाचलं आणि तिथेच थांबले. पुढे बेरीज करावी असं सुचलंच नाही. रॅन्डल स्टॅव्हली मेजर झाला, कर्नल झाला, आणि माझा नवरा कॅप्टन म्हणूनच गेला. गॉडफ्रे गेल्यावर स्टॅव्हलीचं पत्र आलं होतं. मी न उघडता चुलीत टाकलं.

तुझं पहिलं पत्र वाचलं तेव्हा मला वाटलं, देवानेच पोरगा तिथे नेऊन ठेवला. तू प्रेमात आहेस हे मला दिसलं नाही असं नाही. दिसलं, आणि मी ते बाजूला ठेवलं.

पत्र लिहून त्या मुलीला पटणार नाही. माझ्या पत्रांनी काय होतं ते तिने बघितलंय. मी उद्याच्या गाडीने निघते.

ऑ.

●

एल्डरवाइक, हंस खानावळ
१८ नोव्हेंबर

लायनेल,

दार तिनेच उघडलं. मी नाव सांगितलं. म्हणाली, "तुम्हाला बाबांना भेटायचंय की मला?" मी म्हटलं, "तुला. पण बापालाही बसू दे, म्हणजे मला गाळून सांगता येणार नाही."

सगळं सांगितलं. तू काय विचारलंस, मी काय दडवलं, तू सरळ विचारलंस तेव्हा एकोणीस ऑक्टोबरला मी कसं खोटं लिहिलं. मुलगी कठीण आहे. म्हणाली, "भाच्या-पुतण्यासाठी म्हाताऱ्या काहीही बोलतात. आत्ताचं खरं कशावरून?"

मी म्हटलं, "बाई, मी या माणसासमोर बसून कबूल करतेय की माझ्या नवऱ्याने आपखुशीने याला मत दिलं होतं. हे बोलायला मला बावीस वर्षं लागली. पुतण्यासाठी मी फार तर केक केला असता."

मग स्टॅव्हली म्हणाला, "ऑगस्टाबाई, तो क्रॉस तुम्ही घेऊन जा." आणि खणातून मोज्यांसकट काढून आणला. मला राग आला. खराखुरा. म्हटलं, "रॅन्डल स्टॅव्हली, गॉडफ्रेने पेन्सिल घेतली आणि तुझं नाव लिहिलं. विचार करून लिहिलं. तू हा उजवीकडे लावतोस म्हणजे तो चुकला असं जगाला सांगतोस. तुला लाज वाटायची तेवढी वाटू दे, ती तुझी तू बघ. पण माझ्या नवऱ्याचं मत परत करायचा हक्क तुला नाही."

तो खिडकीबाहेर डुकरिणीकडे बघायला लागला. डुकरीण खरंच मजेत असते रे. मग त्याने क्रॉस मोज्यात गुंडाळून परत खणात ठेवला. मी तेवढ्यावर भागवलं. त्याला मी माफ केलंय का, मला ठाऊक नाही. चहा प्यायले त्याच्याकडे. तो चहा वाईट करतो.

निघताना मुलगी फाटकापर्यंत आली. म्हणाली, "त्याला सांगा, मी अजून पूर्ण विश्वास ठेवलेला नाही."

"कोणावर?"

"तुमच्यावरही नाही, त्याच्यावरही नाही."

"मग काय सांगू?"

"सांगा की यायचं असेल तर पुढच्या दाराने यावं, चर्चमागून नाही. आणि बाबांबद्दल एक अक्षर विचारायचं नाही. मी बघते मग."

तिने आत बोलावेन असं म्हटलेलं नाही, मी खोदून विचारलं. दारातच उभं करेल कदाचित, पावसात सुद्धा. तरी जा. आणि लायनेल, तिथून मला काहीही लिहू नकोस.

ऑगस्टा काकू